एक कोटी सदुसष्ट लाख

पोकीप्सी, नोव्हेंबर. साडेचारलाच अंधार.
खिडकीखाली हडसन,
पडद्यावर तीच लाल ओळ,
आज अकरावा दिवस.

बाकी सगळीकडे ही चाचणी पास होते.
माझ्या लॅपटॉपवर, टेक्सासमधल्या सर्व्हरवर,
लॉरेनच्या मुलाने बुटांच्या खोक्यात बसवलेल्या
पस्तीस डॉलरच्या बोर्डवरसुद्धा.
फक्त इथल्या मेनफ्रेमवर नाही.
डिबगर थांबायला हवा तिथेच थांबतो,
चव्वेचाळिसाव्या ओळीवर, शहाण्यासारखा.
विचारावं, बाबा रे, आता आत काय आहे?
उत्तर हवं: एक.
येतं: एक कोटी सदुसष्ट लाख
सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा.

इतक्या ठामपणे सांगतो
की क्षणभर वाटतं, असेलही.

"वगळून टाक," मंगळवारी लॉरेन म्हणाली.
"एक ओळ लागते. या यंत्रावर चालवू नये, बस.
कोण बघतंय?"
मी ती ओळ लिहिली.
पुसली.
परत लिहिली, आणि तशीच ठेवून घरी गेलो.

घरी ईरा, जेवणाच्या टेबलावर,
रविवारच्या मराठी शाळेचा गृहपाठ.
मी म्हटलं, पंचवीस.
तिने लिहिलं ५२.
सत्तेचाळीस.
७४.
"अगं, उलटं झालं."
"तू आधी सात म्हणालास," मान वर न करता.
"ऐकू आलं तसं लिहिलं."

मी तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.
बोलताना आपण एककाकडून निघतो,
लिहिताना दशकाकडून,
आणि वाण्याच्या हिशेबात, शाळेच्या पाढ्यात,
आईने फोनवर सांगितलेल्या रक्तदाबात
एकदाही टक्कर झाल्याचं आठवत नाही.
"बाबा, मग एकोणतीसमध्ये नऊ कुठे असतो?"
याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

सकाळी स्मृती उघडली, एकेक बाइट.
एक, शून्य, शून्य, शून्य.
चाचणीतच कुणीतरी हाताने मांडलेले,
धाकटा पुढे, थोरले मागे,
जणू जगात रांगेची एकच रीत आहे.
मेनफ्रेम थोरल्यापासून वाचते.
तिने समोर दिसलं तसं वाचलं,
आणि आपण अकरा दिवस
तिला ठार वेडी समजत होतो.

कुणी मांडले म्हणून इतिहास काढला.
चार वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, रात्री पावणेदोन,
नाव माझं.
शेजारी टीप: तात्पुरतं.

दुपारी डबा घेऊन जुन्या रेल्वेपुलावर गेलो.
समुद्र इतका दूर, तरी भरती इथवर येते
आणि नदी चक्क उत्तरेला चालू लागते.
एक ओंडका वरच्या अंगाला जाताना दिसला.
तो सकाळी खाली गेला असेल.
पुलावरच्या कुणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही.
एका बाईने कुत्र्याचा पट्टा आवळला, इतकंच.

दुरुस्ती तीन ओळींची झाली.
बाइट आता हाताने मांडायचे नाहीत.
आधी यंत्राला विचारायचं,
तू कुठल्या टोकापासून वाचतेस?
मग तिच्या रीतीने ठेवायचे.
वगळण्याची ती ओळ शेवटची एकदा वाचली
आणि काढली.

हिरवं.
लॉरेनने लिहिलं, "बरं." पुढे काही नाही.
तोवर दुसरी एक चाचणी लाल झाली होती,
दशांश चिन्हांची. ती उद्या.

घरी फ्रिजवर चुंबकाखाली गृहपाठ.
७४ तिने खोडलेलं नव्हतं.
डोक्यावर फक्त एक बाण काढला होता,
उजवीकडून डावीकडे, जरा वाकडा.
"बाईंना कळायला," ईरा म्हणाली,
"की कुठून सुरू करायचं."