नावाडी, दोन नाणी

टाम्पेरेत बाहेर उणे अठरा.
तैमीनं तीन आठवडे खपून किल्ला रचलेला,
सात दरवाजे, प्रत्येकाला वेगळं कुलूप.

इल्मो म्हणाला, मी नाही जात पलीकडे.
या नावाड्याशी बोलतो. नाव काय याचं?

नाव नव्हतं.
कागदावर एवढंच: नावाडी, दोन नाणी.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे तिनं फासा उचलला.
पाचाच्या आत पडलं तर वादळ,
मग सगळे निमूट किल्ल्यात.
फासा हातून निसटला, घरंगळत हीटरखाली गेला.

इल्मोनं गाल जमिनीला टेकवला.
त्याला एकट्यालाच दिसत होतं.

"तीन," तो म्हणाला.
"वादळ आलं."

तैमीनं किल्ल्याची घडी घातली.
"काउको," ती म्हणाली, "त्याचं नाव.
वादळात तो होडी सोडत नाही.
बसा."