दोन बोटं रस

मेपलला रात्री गोठावं लागतं, दिवसा विरघळावं लागतं,
तेव्हा कुठे तो बादलीत ठिबकतो.
पाण्यासारखाच. जिभेला जेमतेम कळेल इतका गोड.
चाळीस बादल्या आटवल्या की एक.

शोदिएर नदीवरचा बर्फ तडकायला लागला
की ओव्हिला, माझा बाप, चुलाण पेटवायचा
आणि बोलणं बंद करायचा.
मार्चभर त्याचं एकच वाक्य:
काहिलीत दोन बोटं रस. कमी नाही.

मी पंधरा वर्षांची. पाळी माझी होती.
खिशात लुसियँचं पत्र,
शेरब्रुकहून आलेलं, चार ओळींचं,
किती वेळा वाचलं देवाला ठाऊक.
नळाचा तरंगता गोळा अडकला होता.
आधी वास आला,
साखर जळते तेव्हा क्षणभर छानच वाटतो तो.
मग काहील एका कोपऱ्यात काळी पडली, तडतडली.

बाप दारातून बर्फाचं फावडं भरूनच आला.
एक, दोन, सहा फावडी काहिलीत.
वाफेत तो दिसेनासा झाला.
"मागे हो" एवढंच ऐकू आलं.
मग पेटती लाकडं ओढून काढत राहिला
बाहेर, बर्फात, जिथे ती
बराच वेळ फुसफुसत पडली.

दिवसभराचा पाक झाडांपाशी ओतून दिला.
रागावला नाही. व्हिनेगर दिलं, घासणी दिली.
तीन दिवस घासलं.
डाग राहिला, तळहाताएवढा.

आता काहील माझी.
फेस चढला की नखाएवढं लोणी टाकते,
गुमान खाली बसतो.
पाक पळीवरून थेंब थेंब न पडता
पदरासारखा रुंद ओघळला, की नळ सोडते.
तापमापक एकशे चार म्हणतो. मी पळीचं ऐकते.
आणि डागाचं.
रस दोन बोटांखाली गेला
की तळातून त्याची कड वर दिसू लागते.
बापाने नवी काहील का घेतली नाही?
मला वाटायचं, पैसे नव्हते.

आज शेवटची आटवणी.
कळ्या फुगल्यात, डबक्यात बेडूक बोलू लागलेत,
उद्याच्या रसाला उग्र चव येईल.
लाकूड घालणं तासापूर्वीच थांबवलं,
पण निखारा काही सांगून थांबत नाही.
म्हणून काहिलीत ताजा रस ओतून
बसून आहे, बूट न काढता.
पत्रात काय होतं, आता आठवत नाही.
उकळत्या रसात बोटं घालता येत नाहीत,
लाकडाची पट्टी बुडवते, बोटं तिच्यावर टेकवते.
दोन.
थोड्या वेळाने पुन्हा बघते.