पावती

दर गुरुवारी साडेसातला
शाळेचा शिपाई किल्ली माझ्या हातात देतो
आणि बजावतो, बाकं जागेवर ठेवा,
मागच्या खेपेला बाईंनी तक्रार केलीय.

दुसरी ब. लक्ष्मीनगर, येरवडा.
फळ्यावर पाचाचा पाढा, निम्मा पुसलेला.
एवढ्याशा बाकांवर आम्ही
गुडघे हनुवटीशी घेऊन बसतो:
एक वेल्डर, एक बँडवाला,
एकमेकांकडे न बघणारे दोन रिक्षावाले,
आणि कोथरूडहून येणारा इंजिनिअर,
ज्याचे मोठ्या केंद्रात भरलेले नव्वद हजार
घरी परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात वाहून गेले.

इथं वीस रुपये.
नसले तर दहा. तेही नसले
तर चहाचे पेले विसळायचे.
पण फुकट नाही. हा नियम मी धरून बसलोय.
फुकटची आम्ही फार प्यायलोय,
वरातीत, मयतीत, कुणाकुणाच्या निवडणुकीत.

पैसे घेतले की पावती. कार्बन घालून.
लहू सोनटक्केनं पहिली पावती
ट्यूबलाइटकडे धरून बघितली, पाचशेची नोट बघतात तशी.
म्हणाला, गुत्त्यावर इतकी वर्षं पैसे मोजले,
कधी कुणी कागद दिला नाही.
अकरा जमल्या त्याच्याकडे.
शंभर झाल्या की लॅमिनेशन करतो म्हणाला.
हसलो आम्ही. तोही.

मग तीन गुरुवार त्याचं बाक रिकामं.
फोन लागला, उचलला गेला,
पलीकडून नुसता रस्ता ऐकू आला.
बँडवाला म्हणाला, पर्णकुटीपाशी दिसला होता.
'दिसला' म्हणजे काय
ते इथं कुणी कुणाला विचारत नाही.

काल त्याची बायको आली. छबू.
दारातूनच साठ रुपये पुढं केले.
तीन आठवड्यांचे. नाव त्याचंच घाला.

वहिनी, न आलेल्याचे घेत नाही आम्ही.

मग जागेचं भाडं समजा, म्हणाली.
बाक दुसऱ्याला देऊ नका.

पाणीपट्टीच्या खात्यात मी अठ्ठावीस वर्षं काढली,
त्यातली एकोणीस धुंदीत,
पण असली नोंद कधी केली नव्हती.
'तपशील'वर पेन अडलं.
इंजिनिअर म्हणाला, अनामत लिहा.
वेल्डर म्हणाला, गप बसा हो.

तेवढ्यात ती लहूच्या बाकावर जाऊन बसली.
तिचे गुडघे मावले त्यात.
इतक्या वर्षांत या वर्गात मावलेलं पहिलंच माणूस.
आम्ही बघतोय हे बघून तिनं विचारलं,
न पिणाऱ्यानं बोललेलं चालतं का इथं?

नऊला शिपायानं कडी वाजवली
तेव्हा ती लग्नाच्या पहिल्या वर्षापर्यंतच पोचली होती.
बाकीची बाकं आम्ही सरळ केली.
पावतीवर तारीख, रुपये साठ फक्त,
खाली माझी सही.
तपशील अजून कोरा आहे.
किल्ली देताना शिपायाला म्हणालो,
पुढच्या गुरुवारी जरा उशीर होईल.