ऱ्हस्व-दीर्घ

तुर्भ्याला, मसाला मार्केटच्या मागच्या गल्लीत आमची लॅब.
एसीच्या फटीतून ब्याडगी मिरचीचा खकाणा येतो,
मास्क असूनही आम्ही शिंकतो
आणि एकमेकींकडे संशयाने बघतो.
माझं काम वाचायचं.
एका विषाणूची तीस हजार अक्षरं,
चारच अक्षरांची बाराखडी.
कुठे काना पडला, कुठे मात्रा सरकली, त्याची नोंद.

चूक एवढीशीच असते.
दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बापुडा.
सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा.
परुळेकर बाई एवढ्यासाठी अर्धा मार्क कापायच्या.

तन्वेशला ताप आला तो बारीकच.
दोन दिवस. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनाच होता.
पाचव्या आठवड्यात, बरा होऊन,
सायकल पंक्चर करून आणण्याइतका बरा होऊन,
डोळे लाल. चिपडं नाहीत, नुसते लाल.
जीभ तुतीसारखी.
पोट धरून म्हणाला,
आई, माझ्या आत कुणीतरी भांडतंय.

नेरुळच्या डॉक्टर लुकतुके पडद्यावर बोट ठेवून सांगत होत्या:
विषाणू नाहीये आता.
हे त्याचं स्वतःचंच सैन्य आहे,
चोर सोडून संन्याशाला...
म्हण त्यांनी पूर्ण केली नाही.
हृदयाच्या रक्तवाहिनीचं माप मिलिमीटरमध्ये होतं.
दशांश चिन्हानंतरचा आकडा मी तीनदा विचारला.

मग बारा तास, थेंब थेंब,
हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून गाळलेलं प्रथिन.
बाटलीवर कुणाचंच नाव नव्हतं.
मी बाटलीला नमस्कार केला.
नर्सने पाहिलं, काही बोलली नाही.

तो वाचला.
(माझ्या कामाचंही क्रियापद हेच.)
पुढे बोटांच्या टोकांची सालं निघाली,
ती त्याने काड्यापेटीत जपून ठेवली, मित्रांना दाखवायला.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, तिसऱ्या कप्प्यात,
पहिल्या तापाचा त्याचा नमुना होता.
नाव नाही, फक्त क्रमांक.
मला क्रमांक पाठ.
वाचायचा नव्हता. वाचला.
रात्री दीडला, वॉचमनचा रेडिओ बंद झाल्यावर,
अक्षर न् अक्षर.
घणसोलीच्या, दिघ्याच्या, कोपरखैरण्याच्या
शेकडो नमुन्यांसारखाच.
एक काना इकडचा तिकडे नाही.

म्हणजे चूक तिथे नव्हती.

मग कुठे, हे विचारायला दुसरा कागद आहे:
मुलाचं रक्त, आईचं रक्त, बापाचं रक्त, खाली सही.
त्याच्यातली निम्मी अक्षरं माझी.
बाईंची लाल पेन्सिल मला अजून आठवते.
कागद ड्रॉवरमध्ये आहे, सप्टेंबरपासून,
डब्याच्या जुन्या रबरांखाली.

आज पुन्हा इको.
जेल गार लागतं म्हणून तो हसतो,
डॉक्टर म्हणतात, हलू नकोस रे.
अंधाऱ्या खोलीत त्याचं हृदय
ओलं कापड झटकल्यासारखं वाजतं.
मी वाकते. तो नाक उडवतो,
आई, तुझ्या ओढणीला मिरचीचा वास येतोय.
येतोय ना, मी म्हणते.
तुला येतोय ना?