दोन पातेली

लेनाकाठच्या आमच्या शाळेत, उणे सत्तावीसला,
शिपाई बायबाल बॉयलरच्या खोलीतून बादल्या आणतो
आणि पटांगणातल्या रिंकवर ओततो, वाफाळत्या.
"गार घे की. गोठायचंच आहे ना त्याला?"
"हे आधी गोठतं, बाई."
मिशीवर त्याच्या खडीसाखर.

मी फिजिक्स शिकवते. मला हे कसं खपावं?
रात्री पायरीवरच्या हिमात दोन पातेली ठेवली,
एकात माठातलं, एकात उकळतं,
आणि घड्याळ हातमोज्यात धरून उभी राहिले.
उकळतं जिंकलं.
म्हटलं, कावळा बसला नि फांदी मोडली.
दुसऱ्या रात्री हरलं.
तिसऱ्या रात्री परत जिंकलं.

फळ्यावर लिहिलं:
वाफ होऊन पाणीच घटतं. विरघळलेली हवा निघून जाते.
खालचं हिम वितळून बूड नीट टेकतं.
आत पाणी वरखाली घुसळत राहतं.
मागच्या बाकावरून सारगिलाना:
"मग यातलं नेमकं कोणतं?"
खडू हातात तसाच.

बायबाल दारात, रिकामी बादली घेऊन:
"गार पाणी ठरवत बसतं, पोरी.
शून्याखाली जातं तरी पाणीच राहतं.
काहींचं तसंच असतं."
हेही लिहून घेतलं मी, पाचवं म्हणून.

आता पोरं घसरताहेत.
बर्फ एवढा नितळ, की खाली दिसतो
मागच्या आठवड्यात हरवलेला कुणाचा तरी
लाल हातमोजा,
पाचही बोटं पसरलेला.