दोन करवंट्या

टेबलावर दोन करवंट्या मांडल्या.
एकीवर खडूनं लिहिलं: जन्माचं.
दुसरीवर: शिकलेलं.
तिसरीचा वर्ग, एकतीस पोरं,
प्रत्येकाच्या मुठीत चिंचोके,
आणि खिडकीबाहेर खानापूरच्या भट्ट्यांचा धूर
कौलांवरून रांगत चाललेला.

"सांगा," म्हटलं, "येताना काय घेऊन आलात
आणि काय इथं आल्यावर उचललंत?"

इनास डिसोजानं जीभ बाहेर काढली,
पन्हळीसारखी वळवून दाखवली.
घरात सगळ्यांची वळते, एका पप्पांची सोडून.
टक्. पहिल्या करवंटीत.
रिजवानाचे घारे डोळे. टक्.
परशरामच्या डोक्यावरचे दोन भोवरे
(मागून कुणीतरी: "दोन बायका!")
टक्.
मग सायकल, शिट्टी, बाराचा पाढा,
पानावरून मोडीत निघालेली सही मामासारखी,
आणि नावानं हाक मारली की म्हैस थांबते, ते.
"ते तू शिकलास की म्हैस?"
बाळेश विचारात पडला,
चिंचोका घेऊन जागेवर जाऊन बसला.

भरमाणी कुंभारानं अंगठा दाखवला.
मागं वाकतो, पार मनगटाकडं,
बापाचा तसाच, आज्जाचा तसाच.
मी म्हटलं, "जन्माचं."
तो म्हणाला, "पण टीचर, आधी इतका वाकत न्हवता.
माती दाबूलालो तवापास्नं वाकूलालाय."
पुस्तकात अंगठ्याचं चित्र होतं,
चित्रातल्या अंगठ्याला माती लागलेली नव्हती.
"घरी विचारून ये," म्हटलं.
शिक्षकाला काही सुचलं नाही की तो असंच म्हणतो.
त्यानं चिंचोका खिशात घातला.

मायाक्का शेवटी उठली.
तिला हसू आलं की आधी खांदे हलतात,
मग डावा हात तोंडावर जातो,
मग आवाज.
गंगव्वाचं हुबेहूब असंच.
अकरा दिवसांची होती ही,
हुबळीच्या दवाखान्यातून गंगव्वानं पदरात घालून आणली.
गावाला ठाऊक आहे. हिलाही.
"अव्वाचं हसू मला आलंय. कशात टाकू?"
"शिकलेलं," मी म्हटलं, हळूच.
"कुणी शिकवलं? मी तर पाटीवर गिरवलं नाही."
टक्. जन्माच्या करवंटीत.
आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.
परीक्षेत हे उत्तर चूक धरतात.
मी तो चिंचोका उचलला नाही.

घंटा व्हायला पाच मिनिटं.
चिंचोके ओंजळीत घेऊन मोजू लागले,
ओंद, एरड, मूर, नाक...
वर्ग फुटला.
"टीचर कानडीत मोजूलाल्यात!"
"नाक, नाक! नाक कुठल्या करवंटीत?"

खरंच की.
नाक माझं आईचं, बसकं, कारदग्याकडचं.
मोजणं अण्णांचं.
अण्णा नंदगडच्या पेठेत मापारी,
रागावायचे मराठीत, पोती मोजायचे कानडीत,
आणि मधेच कुणी हाक मारली
तर पुन्हा ओंदपासून.
मला त्यांनी कधी बसवून शिकवलं नाही.
पोत्यावर पाय हलवत बसायची मी,
शेंगा खात.
आज ते असते
तर त्यांना कुठल्या करवंटीत टाकलं असतं?

पोरं अजून हसत होती.
मी पुन्हा मोजायला घेतलं, मुद्दाम मराठीत,
आणि आठ-नऊच्या पुढं अडखळले.
कसेही मोजले तरी दोन कमी.
एक बाळेशकडं, म्हशीचा.
एक भरमाणीच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना विचारलं,
"काय म्हणाला रे बाबा? अंगठा कुणाचा?"
"बाबा म्हणाला, अंगठा राहू दे,
चाक फिरव आधी."
"आणि चिंचोका?"
भरमाणीनं खाली बघितलं.
"भट्टीत भाजला, टीचर.
खाल्ला."