दोन ठोक्यांमधलं

सारंगखेड्याच्या यात्रेत जो तो घोडीला मोजतो.
कोणी जबडा फाकवून दात,
कोणी कपाळावरचे, गळ्यावरचे भोवरे,
कोणी वितीनं कान.
माळव्याचा दलाल उपरण्याखाली
समोरच्याच्या बोटांत बोटं घालून किंमत मोजतो
आणि तोंडानं थंडीबद्दल बोलतो.

माझ्याकडे एक पट्टा, दोन चकत्या, जेलची बाटली
आणि काच तडकलेला फोन.
एक चकती डाव्या कोपराच्या मागे,
दुसरी आयाळ संपते तिथे.
जेल गार लागलं तशी कैरीची कातडी थरथरली,
तापीवरून वारा यावा तशी, एकदाच.

सुकलालनं विचारलं, "ठोका मोजी राहिनी का ताई?"
ठोके नाही, म्हटलं. दोन ठोक्यांमधली जागा.
तो हसला नाही.
तऱ्हाडीच्या गिरासेंकडे बावीस वर्षं मोतद्दार,
कैरी वैशाखात जन्मली ती त्याच्याच धोतरावर.
विकणारे गिरासे. धरणारा तो.

पडद्यावर आकडे पडू लागले:
१६१२, १७४०, १५८८, १८०१.
एकाला एक लागत नाही.
मी त्याला समजावलं की असंच हवं.
घड्याळासारखं चालू लागलं काळीज
की समजायचं, जनावर धास्तावलंय.
मोकळं असतं तेव्हा ते असं हुकत-चुकत चालतं,
बांधावरून जाणाऱ्या पोरासारखं.

मग एकदम ३४२०.
एक ठोका आलाच नाही.
यंत्रानं लाल खूण केली.
सुकलालचा तळवा तिच्या बरगडीवर होताच,
फोनकडे न बघता तो म्हणाला,
"थांबस ती अशी. तवय ती आयकस."
पुस्तकात ह्याला लांबलचक नाव आहे,
आणि लिहिलंय, विसाव्यातल्या घोड्यात काळजीचं कारण नाही.
काय ऐकते, ते पुस्तकात नाही.

तेवढ्यात शेजारच्या राहुटीत हलगी सुरू झाली,
पांढरा नुकरा बाजेवर चढवला लोकांनी नाचायला.
१०१०, १००८, १००९, १००९.
कैरी जागची हलली नव्हती,
शेपूटही नाही. दलाल म्हणाला, वा, काय शांत जनावर!
मी वहीत वेळ टिपली. चार वाजून सतरा.

"मना बी लाय ना पट्टा," सुकलाल म्हणाला.
घोड्याचा पट्टा माणसाला बसत नाही,
दोन वेढे घालून, गाठ मारून बसवला.
बंडी वर करून तो उभा राहिला
लस टोचून घ्यायला शाळेत उभी राहतात मुलं तसा.
उपरण्याखाली बोटं अजून हलत होती.
७१४, ७१५, ७१४, ७१४, ७१४.
"कसं शे?"
मी म्हटलं, चांगलं आहे, अगदी नियमित.
आत्ताच त्याला उलटं शिकवलं होतं मी.
त्यानं बंडी खाली घेतली, मला खोटी पाडली नाही.

पट्टा परत कैरीला. उरलेला अर्धा तास हवा होता मला.
दहा मिनिटांतच बोटं उपरण्याबाहेर आली,
गिरासेंनी खिशातून गुलाल काढला,
टेम्पोची फळी पाडली.
सुकलालनं तिच्या तोंडाशी मूठभर भिजला हरभरा धरला,
तिनं ओठांनी एकेक दाणा उचलला,
मूठ रिकामी झाल्यावरही तळवा चाटत राहिली.
पट्ट्याचं मी बोललेच नाही.
तीस हजारांचा पट्टा, कॉलेजच्या नावावर.

टेम्पो पुलाच्या दिशेला वळला.
मी फोन उंच धरून मागे चार पावलं चालले,
मिरचीचा खकाणा, माणसं, गाड्या.
९८०, ९८१, ९८०,
आणि मग काही नाही.

एक ठोका आलाच नाही,
की माझ्या फोनची हद्द संपली?
तीन सेकंद. चार.
सुकलाल हातातला मोकळा दोर
कोपराभोवती गुंडाळत होता, अजून घोडी बांधायची असावी इतका नीट.
पाच. सहा.
यंत्रानं विचारलं, मोजणी थांबवायची?
मी काही दाबलं नाही.